हातचा कोणत्या हाताचा?

मुलांनो, सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते.

मी शाळेत शिकवते. चौथीचा वर्ग माझ्याकडे आहे. डी.एड. होऊन बारा-तेरा वर्षं झाली. ‘विचारा रे, न घाबरता विचारा!’ हे वाक्य मी इतक्या वर्षांत किती वेळा म्हटलं असेल, त्याची मोजदाद नाही. आणि तरीही २०२४ सालच्या डिसेंबरात माझ्याच वर्गातल्या एका मुलाचं तोंड मी बंद केलं. रागावून नाही, मारून तर नाहीच नाही. हसून!

तीच गोष्ट आज तुम्हाला सांगायची आहे. पण ती नीट कळायला मध्येच थोडा वेळ संगणकवाल्यांच्या गावाला जाऊन यावं लागेल. घाबरू नका, तिथली माणसं मोठी गमतीदार आहेत.

आमचं गाव सांगली जिल्ह्यातलं. जवळच साखर कारखाना. दिवाळी झाली की गळीत हंगाम सुरू होतो आणि मराठवाड्यातून ऊसतोडणीच्या टोळ्या येतात. रानाच्या कडेला त्यांच्या कोप्या उभ्या राहतात. त्यांची काही मुलं चार महिने आमच्या शाळेत येऊन बसतात आणि मार्चमध्ये कारखाना बंद झाला की आई-बाबांबरोबर परत जातात. असाच एक मुलगा नोव्हेंबरात माझ्या वर्गात आला. बारीक चणीचा, मोठ्या डोळ्यांचा. दोन-तीन शाळा बदललेल्या, त्यामुळे मधला बराच अभ्यास राहून गेलेला.

एक दिवस मी बेरजेची उजळणी घेत होते. फळ्यावर ४७ अधिक ३८. मी भराभर बोलत होते, ‘सात आणि आठ पंधरा. पाच लिहिले, हातचा एक...’

तो उठून उभा राहिला. स्वतःच्या दोन्ही हातांकडे आळीपाळीने पाहत म्हणाला,

‘बाई, हातचा कोणत्या हाताचा?’

झालं! सगळा वर्ग खो खो हसला. आणि काय सांगू, मीही हसले. हसतच म्हणाले, ‘अरे, पुस्तकात सगळं दिलंय. नीट वाच, म्हणजे कळेल.’

तो खाली बसला. मी पुढचं गणित घातलं. त्या दिवसानंतर त्याने एकही प्रश्न विचारला नाही. आणि सगळ्यात वाईट गोष्ट सांगू? ते माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही!

माझे डोळे उघडले ते जानेवारीत. आमच्या शाळेला एका माजी विद्यार्थ्याने आपला जुना संगणक दिला. माझा धाकटा भाऊ पुण्यात प्रोग्रामर आहे. त्याने त्यावर ‘लिनक्स’ घालून दिलं. लिनक्स म्हणजे संगणक चालवणारी मूळ प्रणाली, फुकट मिळणारी. फिनलंडच्या लिनस टॉरव्हाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने १९९१ साली तिची सुरुवात केली. आता मला हवं होतं एवढंच, की प्रश्नपत्रिका मराठीत टाइप करायची. त्यासाठी एक छोटा प्रोग्राम बसवायचा होता. त्याची माहिती इंग्रजीत होती. म्हटलं, त्यात काय! शब्दकोश घेतला नि बसले.

पहिली ओळ : ‘हे अगदी सोपं आहे.’ छान! दुसरी ओळ : ‘फक्त पुढील पॅकेज बसवा.’ कुठलं पॅकेज? कुठे बसवायचं? शेगडी बसवायची तर जागा तरी दिसते! तिसरी ओळ : ‘मग प्रोग्राम नेहमीप्रमाणे सुरू करा.’

नेहमीप्रमाणे! अहो, मी तर जन्मात पहिल्यांदाच करत होते!

खाली लिहिलं होतं, ‘अधिक माहितीसाठी दुसरं पान पाहा.’ दुसऱ्या पानावर गेले. तिथे लिहिलेलं, ‘अधिक माहितीसाठी पहिलं पान पाहा.’ शब्दकोशात ‘अश्व’ शोधावा तर ‘घोडा’ मिळावा आणि ‘घोडा’ शोधावा तर ‘अश्व’, तसली गत! रात्रीचे अकरा वाजले. शेवटी भावाला फोन लावला. तो कामात होता. तो म्हणाला, ‘ताई, वाच ना गं नीट. सगळं लिहिलंय त्यात.’ आणि फोन ठेवला.

मी तशीच बसून राहिले. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, आपल्यालाच अक्कल नाही. आणि त्याच क्षणी मला ती वाक्यं पुन्हा ऐकू आली. ‘पुस्तकात सगळं दिलंय. नीट वाच, म्हणजे कळेल.’ पण आवाज भावाचा नव्हता. माझा होता! डोळ्यांपुढे ते दोन हात आले, उलटसुलट करून पाहिलेले.

संक्रांतीला भाऊ घरी आला. तिळगूळ हातावर ठेवत म्हणाला, ‘ताई, त्या दिवशी चुकलंच माझं.’ मग संगणकासमोर बसला. म्हणाला, ‘पाच मिनिटांत करून देतो.’ पाच मिनिटं झाली, पंधरा झाली, पाऊण तास झाला. डोकं खाजवतोय, पुटपुटतोय, उठून पाणी पितोय. मी मनात म्हटलं, अरे वा! म्हणजे ह्यालाही कळत नाहीये! अखेर तो खुर्चीत मागे रेलला आणि मोठमोठ्याने हसायला लागला. ‘ताई, हे पान तीन वर्षांपूर्वीचं आहे. प्रोग्राम बदलला, पान बदललंच नाही! अगं, आमच्यात म्हणतात, प्रोग्राम आणि त्यावरची टीप एकमेकांशी जुळत नसतील तर दोन्हीही चुकीचे समजावेत.’

तो प्रोग्राम तासाभराने बसला एकदाचा. पण त्या संध्याकाळी भावाने ज्या गमती सांगितल्या, त्या माझ्या वहीत लिहून ठेवल्या आहेत. त्यातल्या काही तुम्हाला सांगते.

संगणकासाठी लिहिलेल्या प्रत्येक प्रोग्रामबरोबर एक माहितीपत्रक असावं लागतं. हे कसं वापरायचं, कुठलं बटण कशासाठी, अडलं तर काय करायचं. त्याला ते लोक ‘डॉक्युमेंटेशन’ म्हणतात. प्रोग्राम लिहायला सगळ्यांना आवडतं. ही माहिती लिहायचा मात्र कंटाळा! आपल्याला नाही का, चित्र काढायला आवडतं आणि नंतर रंगांच्या पेट्या आवरायला जिवावर येतं? शिवाय दुसरी एक अडचण आहे. ज्याला एखादी गोष्ट पक्की येते, तो ती येत नव्हती ते दिवस विसरून जातो. पोहणाऱ्याला विचारा, ‘कसं पोहता हो?’ तो म्हणेल, ‘त्यात काय, पाण्यात उतरायचं आणि हातपाय मारायचे!’ मग ‘सोपं आहे’, ‘फक्त’, ‘नेहमीप्रमाणे’ असले शब्द लेखणीतून आपोआप उतरतात. गूगल कंपनीने तांत्रिक माहिती लिहिणाऱ्यांसाठी नियम केले आहेत. ‘हे सोपं आहे’ अशा अर्थाचे शब्द कृती सांगताना टाळा, असं त्यात चक्क सांगितलेलं आहे. कारण वाचणाऱ्याला ते जमलं नाही तर तो बिचारा स्वतःलाच ढ समजायला लागतो. अगदी माझ्यासारखा!

पण सगळीच माहितीपत्रकं अशी नसतात बरं का. अमेरिकेत बेल लॅब्ज नावाची मोठी प्रयोगशाळा होती. तिथे केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची या दोघांनी ‘युनिक्स’ नावाची प्रणाली तयार केली. आज तुमच्या-माझ्या घरातल्या मोबाइलमध्ये जे चालतं, त्यावर या युनिक्सचे मोठे संस्कार आहेत. त्यांचे वरिष्ठ डग मॅकइलरॉय मागे लागले, की हे सगळं नीट लिहून ठेवा. मग ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेची पहिली माहितीपुस्तिका निघाली. प्रत्येक आज्ञेला वेगळं पान. पानावर ठरलेली शीर्षकं : नाव, कशी वापरायची, काय करते... आणि शेवटाकडे एक शीर्षक ‘बग्ज’! बग म्हणजे किडा. संगणकाच्या भाषेत बग म्हणजे चूक, दोष.

कळलं का? आपणच बनवलेल्या वस्तूच्या माहितीत, आपल्याच हाताने, ‘यात काय चुकतं’ ते लिहून ठेवायचं! एखादा दुकानदार म्हणेल का, ‘ही छत्री घ्या, पण जोराचा वारा आला की उलटी होते’? हे लोक म्हणायचे. उदाहरणार्थ, त्यांच्याकडे ‘कॅट’ नावाची एक आज्ञा आहे. मांजराशी तिचा काही संबंध नाही. दोन फायली एकापुढे एक जोडायला ती वापरतात. १९७९ च्या आवृत्तीत तिच्या पानावर इशारा दिलेला होता, की जोडून झालेलं लिखाण त्या दोन फायलींपैकीच एकीत ठेवायला जाल, तर मूळचं लिखाण वाचण्याआधीच पुसलं जाईल. असा इशारा वाचला की वाटतं, कुणीतरी आधी ठेच खाऊन आपल्यासाठी दगडावर चुन्याची खूण करून ठेवली आहे.

या ‘बग्ज’च्या जागेत काही वात्रट मंडळी विनोदही घालत. कॅलिफोर्नियाच्या बर्कली विद्यापीठात युनिक्सचा एक अवतार तयार झाला. १९८३ च्या त्यांच्या आवृत्तीत फायलींची व्यवस्था ‘ट्यून’ करणारा, म्हणजे जुळवून घेणारा, एक प्रोग्राम होता. त्याच्या दोषांत लिहिलं होतं, की फायलींची व्यवस्था ट्यून करता येते, पण मासा काही ट्यून करता येत नाही! ‘ट्यूना’ नावाचा मासा असतो ना, त्यावरची ही कोटी. आहे की नाही पांचटपणा? पण रात्री दोन वाजता डोकं धरून बसलेल्या माणसाला अचानक असं काही वाचायला मिळालं, तर त्याला केवढा धीर येत असेल!

आणखी एक गंमत कबुतरांची. संगणक एकमेकांशी कसे बोलतील, याचे नियम ज्या कागदपत्रांत असतात, त्यांचं नावच मोठं नम्र आहे : ‘आपले अभिप्राय कळवा’. ती १९६९ पासून निघतात आणि वाचायला फार रूक्ष असतात. १ एप्रिल १९९० रोजी डेव्हिड वेट्झमन यांनी तशाच गंभीर भाषेत एक कागद प्रसिद्ध केला. विषय काय, तर संदेश कबुतराच्या पायाला बांधून कसा पाठवावा! आपल्याच रूक्ष लिखाणाची केलेली ही थट्टा. पण थांबा, गोष्ट इथे संपत नाही. २००१ च्या एप्रिलमध्ये नॉर्वेतल्या बर्गन गावातल्या संगणकप्रेमींनी ते खरंच करून पाहिलं! नऊ संदेश पाठवले, चारांची उत्तरं आली. त्यातल्या सगळ्यात चपळ उत्तराला पन्नास मिनिटांहून जास्त वेळ लागला.

मी भावाला विचारलं, ‘म्हणजे तुम्ही सगळे स्वतःवरच हसता?’

तो जरा गप्प झाला. म्हणाला, ‘नाही ताई. आमच्यात दुसरंही एक हसणं आहे.’ मग त्याने चार इंग्रजी अक्षरं सांगितली : आर. टी. एफ. एम. नवशिक्याने काही विचारलं की जुनेजाणते ही चार अक्षरं तोंडावर फेकतात. अर्थ, ‘ते माहितीपुस्तक वाच!’ मधल्या एफ अक्षराचा शब्द मात्र मी तुम्हाला सांगणार नाही. तो चांगला शब्द नाही. चारचौघांत विचारलं तर एफ म्हणजे ‘फाइन’, असं सांगून लोक वेळ मारून नेतात. भाऊ म्हणाला, ‘नवीन नोकरी लागली तेव्हा मलाही एकाने असंच सुनावलं होतं. सगळे हसले. पुढे महिनाभर मी कुणाला काही विचारलं नाही. रात्र रात्र जागून चुका करत राहिलो. आणि परवा मीच तुला तेच म्हणालो!’

ऐकता ऐकता माझ्या मनात लख्ख उजेड पडला. मुलांनो, हसण्याचे दोन प्रकार आहेत. एक, स्वतःच्या चुकीवर हसणं. त्याने दार उघडतं. समोरचा म्हणतो, ‘अरे, हाही चुकतो! मग मी विचारायला हरकत नाही.’ दुसरं, विचारणाऱ्यावर हसणं. त्याने दार बंद होतं. आवाज दोन्हींचा सारखाच, खो खो! पण फरक केवढा!

भावाने शेवटी सांगितलेली गोष्ट तर मला फारच आवडली. युनिक्सच्या १९७५ च्या आवृत्तीत एका अवघड जागी टीप होती, की हे तुम्हाला समजावं अशी अपेक्षा नाही. ऑस्ट्रेलियातल्या जॉन लायन्स या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी तो सगळा प्रोग्राम अर्थासह छापून काढला आणि ती टीप जगभर प्रसिद्ध झाली. लोकांना वाटलं, केवढा हा तोरा! ‘तुम्हाला काय कळणार’ असं म्हणतात म्हणजे काय! पण डेनिस रिचींनी पुढे खुलासा केला. तो तोरा नव्हताच. ‘हा भाग परीक्षेला नाही’ असं मास्तर सांगतात ना, त्या भावनेने ते लिहिलं होतं. आणि पुढे जे म्हणाले ते ऐका : खरी अडचण ही होती, की तिथे काय चाललंय ते आम्हालाही कळलेलं नव्हतं!

एवढा मोठा माणूस. १९८३ साली थॉम्प्सन यांच्याबरोबर ट्यूरिंग पुरस्कार मिळालेला. हा संगणकशास्त्रातला सर्वांत मोठा मान समजतात. आणि तो म्हणतो, ‘आम्हालाही कळलं नव्हतं.’ मग माझ्यासारख्या बाईंना तसं म्हणायला लाज कसली?

संक्रांतीची सुट्टी संपली. वर्गात गेल्या गेल्या मी म्हटलं, ‘आज बाईंची फजिती ऐकायची का?’ मुलं सरसावून बसली. मी त्यांना ‘नेहमीप्रमाणे सुरू करा’ची सगळी कहाणी रंगवून सांगितली. मुलं पोट धरधरून हसली. हसून झाल्यावर मी म्हटलं, ‘आता आणखी एक. डिसेंबरात या मुलाने मला प्रश्न विचारला होता. मी उत्तर दिलं नाही, हसले. ते माझं चुकलं. तर सांगा पाहू, हातचा कोणत्या हाताचा? आणि त्याला हातचा का म्हणायचं?’

वर्ग एकदम चिडीचूप. गणितात नेहमी पैकीच्या पैकी मिळवणारी मुलगी म्हणाली, ‘बाई, असतोच तो. एक वर लिहायचा असतो.’ पण का? ते तिला सांगता येईना. बघा हं, जी मुलं सगळ्यांत मोठ्याने हसली होती, त्यांनाही उत्तर येत नव्हतं! प्रश्न वेडगळ नव्हताच. तो फक्त कुणाला सुचला नव्हता.

मग आम्ही काड्या काढल्या. सुट्ट्या पंधरा काड्या मोजल्या. दहांचा गठ्ठा बांधला, पाच सुट्ट्या उरल्या. एककाच्या घरात सुट्ट्या पाच ठेवायच्या आणि गठ्ठा दशकाच्या घरात पोचवायचा. पोचवेपर्यंत तो हातात धरायचा, म्हणून हातचा! निदान मी तरी मुलांना असंच सांगितलं. तो मुलगा मात्र काही बोलला नाही. नुसता गठ्ठ्याकडे टक लावून पाहत राहिला.

शनिवारी सकाळच्या शाळेत आम्ही एक खेळ खेळलो. प्रत्येकाने कागदावर ‘भेळ कशी करावी’ ते लिहायचं आणि मी संगणकासारखं वागायचं. म्हणजे लिहिलंय तेवढंच करायचं, स्वतःचं डोकं चालवायचं नाही. टेबलावर चुरमुरे, कांदा, लिंबू, चिंचेचं पाणी, फरसाण सगळं मांडलं.

पहिल्या कागदावर होतं, ‘भांड्यात चुरमुरे घ्या.’ मी चुरमुऱ्यांची बंद पिशवीच भांड्यात ठेवली. ‘अहो बाई, पिशवी फोडायची!’ ‘लिहिलंय कुठे?’ दुसऱ्यावर होतं, ‘लिंबू पिळा.’ मी अख्खं लिंबू मुठीत धरून पिळत बसले. तिसऱ्यावर, ‘कांदा चिरून टाका.’ मी कांदा चिरला आणि खिडकीबाहेर टाकला! मुलं किंचाळलीच. ‘बाईऽऽ, भेळेत टाका!’ भांड्यात भेळ कमी आणि वर्गात दंगा जास्त, अशी अवस्था. पण प्रत्येक जण मुकाट्याने आपला कागद परत घेऊन गेला आणि त्यात सुधारणा करून आला. पाचव्या खेपेला भेळ झाली. कांद्याशिवायच, पण चवीला फक्कड!

त्या दिवसापासून वर्गात एक वही आहे. ‘कसं करायचं?’ वही. युनिक्सच्या पुस्तिकेसारखी प्रत्येक पानावर ठरलेली शीर्षकं : नाव, कसं करायचं, आणि शेवटी ‘इथे चुकतं’. एकीने नळावर लिहिलंय : ‘चावी उजवीकडे फार फिरवली तर निसटते. मग बाईंना सांगा, पळून जाऊ नका.’ एकाने शाळेच्या घंटेवर लिहिलंय : ‘मधली सुट्टी व्हायच्या आधी वाजवली तर मार बसतो.’ मार बसतो हे काही खरं नाही बरं का, पण मी खोडलेलं नाही.

आणखी एक नियम केला. अमेरिकेतले संगणकतज्ज्ञ डोनाल्ड कनूथ यांच्या पुस्तकात जो पहिल्यांदा चूक दाखवील, त्याला ते २ डॉलर ५६ सेंट बक्षीस देतात. २५६ च का? संगणकवाले कधी कधी दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजतात, आणि सोळा गुणिले सोळा म्हणजे २५६! गंमत म्हणजे अनेकांनी त्यांचे चेक बँकेत भरलेच नाहीत, चौकट करून भिंतीवर लावले. २००८ पासून ते खऱ्या चेकऐवजी एका काल्पनिक देशातल्या बँकेचं प्रमाणपत्र देतात, तरी ते मिळवायची हौस कमी नाही. मी गरीब मास्तरीण, डॉलर कुठून आणू? माझी फळ्यावरची चूक दाखवणाऱ्याला मी एक रंगीत खडू देते. मुलं तो वापरत नाहीत, कंपासपेटीत जपून ठेवतात!

मार्च उजाडला. कारखाना बंद व्हायची वेळ आली. तो मुलगा आता अधूनमधून बोलायला लागला होता. जायच्या आदल्या दिवशी माझ्या टेबलाशी आला, वही मागून घेतली आणि मधल्या सुट्टीभर लिहीत बसला. त्याचं पान आजही तसंच आहे. अक्षर वाकडंतिकडं, पण वाचता येतं :

‘नाव : हातचा. कसं करायचं : सुट्टे ऊस दहा झाले की मोळी बांधायची. आपली मोळी दहाचीच धरायची. मोळी गाडीत टाकायची. उरलेले ऊस फडात ठेवायचे. मोळी म्हणजे हातचा. इथे चुकतं : गाडीत टाकायचं विसरलं तर मोळी फडातच राहती. हातचा कोणत्याच हाताचा नसतो, तो मोळीचा असतो.’

मुलांनो, बारा-तेरा वर्षं मी हातचा शिकवते आहे. इतकं सुंदर मला एकदाही सांगता आलं नव्हतं. आणि ते का, हे आता मला कळतं. हातचा येत नव्हता ते दिवस मी केव्हाच विसरले होते. त्याचे ते दिवस अजून ताजे होते. म्हणून खड्डा कुठे आहे ते त्याला बरोबर ठाऊक होतं.

आता मोळीचं ते पान मी दर वर्षी वाचून दाखवणार आहे. पुढच्या हंगामात त्याची टोळी कुठल्या कारखान्याला जाईल, कुणास ठाऊक. पण तो जिथे बसेल तिथे ‘बाई’ म्हणून हात वर करील, एवढी आशा आहे.

तुम्हीही एक करा. घरातली एखादी रोजची गोष्ट घ्या. चहा करणं, सायकलची चेन बसवणं, आजीला मोबाइल लावून देणं. ती कागदावर लिहा आणि कधीच न केलेल्या माणसाच्या हाती द्या. तो अडला तर हसू नका. कागद परत घ्या आणि सुधारा. शेवटी ‘इथे चुकतं’ लिहायला विसरू नका. आणि आजीने तेच पाचव्यांदा विचारलं तर? तर पाचव्यांदा सांगा.

माझंही एक पान त्या वहीत आहे. ‘नाव : बाई.’ त्याखाली मी लिहिलंय, ‘इथे चुकतं : बाई कधी कधी घाईत असतात, तेव्हा पुस्तकात वाच म्हणतात. तसं म्हणाल्या तर पुन्हा विचारा.’